वरचं वरच्या मापाने घे, खालचं खालच्या

पत्र असं आहे :

"ताई, मला वाटतं दोन वेगवेगळ्या बायका जोडून मला बनवलंय. छाती ३४, कंबर २९, हिप्स ४२. खांदे अरुंद, मांड्या जड. पँट मांड्यांतून वर चढली की कमरेत एवढी ढगळ होते की बेल्ट आवळून चुण्या पडतात. म्हणून बरीच वर्षं मांडीपर्यंत येणारे ढगळ टॉप आणि काळ्या लेगिंग्ज यांच्यावरच भागवतेय. आता नवीन नोकरी लागलीय, रोज लोकांसमोर उभं राहून बोलायचं काम आहे. बहीण म्हणते काळंच घाल आणि आडव्या पट्ट्यांकडे तर बघूच नकोस. आई म्हणते आधी वजन कमी कर, मग कपडे घे. पाच-सहा धड कपडे हवेत, काय घेऊ? आणि खाली झालर असलेला एक पेप्लम टॉप आणून ठेवलाय, तो ठेवू की परत करू? – लांब टॉपवाली"

अगं लांब टॉपवाली, मापं आकड्यांत लिहून पाठवलीस हे फार बरं केलंस, नाहीतर निम्म्या पत्रांत "माझी फिगर जरा विचित्रच आहे" एवढंच असतं आणि मग मी अंदाज बांधत बसते. तुझ्या आकड्यांवरून सगळं प्रकरण सरळ दिसतंय. कंबर २९ आणि हिप्स ४२, म्हणजे फरक १३ इंचांचा. रेडिमेड पँट कापताना हा फरक साधारण ९-१० इंच धरतात. मग तू ४२ हिप्सची पँट घेतलीस की तिची कंबर ३२-३३ येणारच आणि तुझ्या २९ वर ती तीन-चार इंच मोकळी राहणारच. यात तुझ्या मांड्यांनी काय घोडं मारलंय? पॅटर्न ज्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून काढलाय ती तू नाहीस, एवढंच.

आणि ती बाई फारशी कुणाला भेटलेलीही नाही बरं का. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात ६,००० हून जास्त बायकांची मापं बघितली होती. वर-खाली सारखी आणि मधे बारीक अशी जी डमरूसारखी फिगर सगळीकडे दाखवतात ती सापडली जेमतेम ८ टक्के बायकांची. तुझ्यासारख्या, खाली रुंद असलेल्या, २० टक्क्यांच्या आसपास निघाल्या आणि निम्म्याच्या जवळपास तर वरपासून खालपर्यंत सरळ. तेव्हा ट्रायल रूममधे रडकुंडीला येणारी तू एकटी नाहीस, बाजूच्या पडद्यामागे पण तेच चाललेलं असतं.

आता तुझ्या ढगळ टॉपचं बघू, कारण खरी गडबड तिथे आहे, पँटमधे नाही. ३४ छातीच्या टॉपला हिप्सवर साधारण ३६-३७ इंच धरलेले असतात. तुला टॉप मांडीपर्यंत हवा, म्हणजे तो ४२ वरून खाली उतरायला हवा, म्हणून तू दोन-तीन साइज मोठा घेतेस. बरोबर ना? मग तो टॉप मुळात ४० छातीच्या बाईचा असतो. त्याची खांद्याची शिवण तुझ्या दंडावर उतरते, काखेत कापड गोळा होतं, गळा पुढे झुकला की आतलं दिसतं म्हणून तू तो सारखा मागे ओढतेस, आणि तुझी २९ इंचांची कंबर, जी खरं तर सगळ्यांत आधी दिसायला हवी, ती त्यात कुठे आहे ते कुणाला कळतच नाही. समोरच्याला काय दिसतं, तर खांद्यापासून मांडीपर्यंत एकाच रुंदीची बाई, आणि ती रुंदी तुझ्या सगळ्यांत रुंद जागेची. झाकायला गेलीस हिप्स आणि झाकलीस कंबर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की वरचं वरच्या मापाने घे, खालचं खालच्या मापाने घे, आणि दोन्ही एकाच मापात देणारा कपडा दिसला की आधी संशयाने बघ. को-ऑर्ड सेट, म्हणजे एकाच कापडाचा वर-खालचा जोड, दिसायला कितीही गोड असला तरी वर-खाली वेगळी साइज देत असतील तरच हात लाव.

टॉप घेताना पहिलं माप खांद्याचं. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे, कारण छाती-कंबर कुणीही शिवणारा दाबून देतो पण खांदा वर घ्यायचा म्हणजे बाही पूर्ण उसवून, मुंढा परत कापून, पुन्हा बसवायची, आणि ते काम नीट करणारे थोडे. खांदा बसला की लांबी बघ. तुझे हिप्स सगळ्यांत रुंद नेमके कुठे आहेत ते टेप लावून शोध, बहुतेकींचं ते कमरेच्या ७ ते ९ इंच खाली असतं. पाय जुळवून उभी राहा, टेप जमिनीला समांतर धर, आणि मग एकदा खुर्चीवर बसून पण घे, बसल्यावर आकडा वाढतो आणि पँट आपण बसूनच जास्त वापरतो. तर टॉपची कड या रुंद रेषेवर कधीच संपू द्यायची नाही, कारण जिथे कड संपते तिथे नजर थांबते. एकतर त्याच्या चांगली वर, कमरेखाली तीन-चार इंचांवर, म्हणजे कमरेच्या हाडाच्या आसपास, नाहीतर चांगली खाली. तुझ्या खांद्यांसाठी मी वरचीच लांबी सुचवेन. टॉप हिप्सपर्यंत पोचलाच नाही तर त्याला हिप्सच्या मापाची गरजच उरत नाही, तू बिनधास्त ३४ चा घेऊ शकतेस. सगळी भानगड तिथेच मिटते.

लांब कुर्त्यासारखं काही आवडत असेल तर ते सोडायला नको, फक्त बाजूचे कट कुठून सुरू होतात ते बघ. कट हिप्सच्या खालून सुरू होत असेल तर कापड रुंद भागावर ताणलं जातं, कटाचं टोक उघडून वर चढतं आणि बसून उठलं की कुर्ता कमरेवर गोळा. कट रुंद रेषेच्या वर, कमरेखाली चार-पाच इंचांवर सुरू झाला की पुढचा पदर वेगळा, मागचा वेगळा पडतो, आणि ३४-३६ चा कुर्तासुद्धा ४२ वरून आरामात उतरतो. शिवलेला कट वर उसवून घेणं अगदी सोपं काम आहे, फक्त टोकाला पक्का टाका मारून घे नाहीतर तिथूनच फाटतो.

गळा आणि बाही यांच्यात तुला मजा करता येईल. अरुंद खांद्यांना आडवा पसरलेला गळा छान दिसतो, बोट नेक, चौकोनी, रुंद कॉलर, खांद्यावर थोड्या चुण्या असलेली बाही. मानेमागे बांधायचा हॉल्टर किंवा आत कापलेले स्लीव्हलेस यांच्यात खांदे अजून आत जातात, तेवढं लक्षात ठेव. घालायचंच असेल तर घाल, कुणी पोलीस येत नाही. तुझं काम उभं राहून बोलण्याचं आहे म्हणजे लोकांची नजर तशीही चेहऱ्यावर असणार, त्यामुळे फिका रंग, प्रिंट, चकाकणारं कापड, कानातले, जे काही लक्ष वेधणारं असेल ते वर असू दे.

आता पँट. इथे जरा सविस्तर लिहिते कारण एकदा हे जमलं की आयुष्यभराचं काम होतं.

पँट हिप्स आणि मांड्यांच्या मापाने घे, कमरेकडे बघूच नकोस. साइजचा आकडा मोठा येईल, येऊ दे, तो आतल्या टॅगवर असतो, कपाळावर नाही. पँट बरोबर बसली की नाही हे आरशात असं ओळखायचं : मांड्यांच्या सांध्याशी आडव्या रेघा पडतायत, पुढचे तिरके खिसे कानासारखे उघडतायत, पुढच्या प्लीट्स उभ्या उभ्याच फाकतायत, याचा अर्थ हिप्सवर अजून जागा हवी, एक साइज वर जा. मागे सीटच्या खाली तिरक्या सुरकुत्या लोंबतायत तर उलट, तिथे कापड जास्त आहे. मग बस, वाक, बूट बांधल्यासारखं कर. मागे कंबरपट्टी खाली सरकून पाठ उघडी पडत असेल तर मागची उंची कमी आहे आणि ती कुणालाही वाढवता येत नाही, सरळ परत दे. तुझ्यासारखीला मागे उंच आणि पुढे कमरेपर्यंत येणारी पँटच सुखाची.

कंबरपट्टी दोन प्रकारची असते, हे कुणी सांगत नाही. पँट मधोमध घडी घालून टेबलावर पसर. वरची पट्टी रुळासारखी सरळ असेल तर ती तुझ्या कमरेशी उभीच राहणार, कारण तुझी कंबर वर निमुळती होत जाते आणि सरळ पट्टीला ते वळण माहीत नाही. पट्टी जराशी कमानीसारखी वळलेली असेल तर ती अंगाला टेकते. बऱ्याच ब्रँडमधे कर्व्ही फिट नावाने जे येतं त्यात कंबर-हिप्समधला फरक जास्त धरलेला असतो, ते आधी घालून बघ, कदाचित अल्टर करायची वेळच येणार नाही.

आली, तर असं करून घे. थोडी मोकळीक ठेवून तुला अडीच-तीन इंच कमी करायचेत. मागच्या मधल्या शिवणीतून सगळे काढले तर मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात आणि चालताना फार विचित्र दिसतं, म्हणून तिथून दीड इंच आणि उरलेलं मागे दोन्ही बाजूंना अर्ध्या-अर्ध्या इंचाचे टक्स घालून, किंवा बाजूच्या शिवणीतून. आणि मुख्य म्हणजे कंबरपट्टी वेगळी उसवून, कापून, परत जोडून द्यायला सांग. घाईत असलेले लोक पट्टीसकट सगळं एकत्र दाबून वरून शिलाई मारतात, मग मागे जाड गाठ होते आणि खुर्चीला टेकलं की टोचते. जीन्सला दुहेरी शिलाई असते, मागचा मधला लूप आणि चामड्याचा तुकडा काढावा लागतो, त्यामुळे ते काम जरा जास्त वेळखाऊ. कॉटन किंवा डेनिम असेल तर अल्टर करायच्या आधी एकदा धू, नंतर आटलं तर सगळी मेहनत वाया. हे सगळं नको असेल तर कंबरपट्टीच्या मागच्या भागात इलॅस्टिक घालून घे, पुढून पट्टी सपाट राहते, टॉप बाहेर असला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पायाचा आकार म्हणशील तर रुंद भागावरून सरळ खाली पडणारी पँट, स्ट्रेट किंवा वाइड लेग, ही तुला सगळ्यांत सोपी. मांडीपासून पाऊलापर्यंत एकच उभी रेघ जाते. लेगिंग्जमधे मांडी, गुडघा, पोटरी सगळ्यांची वेगवेगळी वळणं दिसतात आणि घोट्याशी एकदम बारीक होतं, त्यामुळे वरचं आणखी रुंद वाटतं. म्हणजे गंमत बघ, ज्या लेगिंग्ज झाकण्यासाठी तू लांब टॉप घालतेस त्याच तो टॉप घालायची वेळ आणतात! मागचे खिसे फार छोटे आणि लांब-लांब लावलेले नकोत, मध्यम आणि जरा जवळ असलेले बरे. पुढचे तिरके खिसे वापरत नसशील तर आतून शिवून टाक आणि आतली थैली कापून टाक, तेवढीच दोन पदरी जाडी कमी. कापड लोंबणारं हवं पण पातळ नको, क्रेप, व्हिस्कोस, जरा वजनदार कॉटन. पातळ होजिअरी आतल्या कपड्यांच्या कडासुद्धा दाखवते, आणि साटनवर उजेड पडला की नेमका जिथे नको तिथेच चमकतो.

इथे बहिणीच्या काळ्या रंगाचं उत्तर येतं. गडद रंगात सावल्या आणि सुरकुत्या कमी दिसतात हे खरं, पण चकाकणाऱ्या काळ्या लेगिंग्जना तो फायदा मिळत नाही, मॅट कापडाचा गडद निळा, गडद हिरवा, मरून, करडा, काहीही तेवढंच काम करतो. आणि आडवे पट्टे? १८६७ साली हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद वाटतो, आणि २०११ मधे इंग्लंडच्या यॉर्क युनिव्हर्सिटीतल्या दोघांनी हे बायकांच्या आकृत्यांवर तपासलं तर आडव्या पट्ट्यांनी माणूस जाड दिसतं या समजुतीला आधार मिळाला नाही. तेव्हा बहिणीला माझा नमस्कार सांग आणि आडव्या पट्ट्यांचा बोट नेक टॉप घे. तुझ्या खांद्यांवर तो मस्त बसेल. फक्त पट्टे फिट टॉपवर हवेत, हिप्सवर ताणलेल्या पट्ट्यांच्या रेघा वाकड्या होतात आणि मग त्या चुगली करतात.

ड्रेस हा तुझ्यासाठी खरं तर पँटपेक्षा सोपा प्रकार आहे. छातीच्या मापाने बसणारा, कंबरेत शिवण असलेला आणि तिथून खाली घेर सोडणारा कुठलाही ड्रेस घे, हिप्सला माप लागतच नाही. खाली पसरत जाणाऱ्या या आकाराचं ए-लाइन हे नाव फ्रेंच डिझायनर ख्रिश्चन डिऑरच्या १९५५ च्या कलेक्शनमधून आलं, आणि त्याच माणसाने १९४७ मधे जे जगप्रसिद्ध जॅकेट काढलं होतं त्यात हिप्स रुंद दिसावेत म्हणून आतून पॅडिंग भरलं होतं. म्हणजे तुला जे लपवायचंय ते लोक कापूस भरून मिळवत होते, असो. घेराच्या स्कर्टला प्लीट्स असतील तर त्या कमरेपासून हिप्सपर्यंत शिवून सपाट केलेल्या हव्यात, कमरेपासूनच सुटलेल्या प्लीट्स छत्रीसारख्या उघडतात. पुढे एकावर एक पदर घेऊन कमरेला बांधायचा रॅप ड्रेस पण छान, डिझायनर डायान फॉन फुर्स्टेनबर्गने १९७४ मधे जर्सीचा आणला तेव्हापासून तो टिकून आहे कारण कंबर आपण बांधू तशी होते. पण हिप्स जड असले की बसल्यावर पुढचा पदर मांडीवरून सरकतो, आणि स्टेजवर खुर्चीत बसायची वेळ आली तर सगळं लक्ष तो धरण्यात जाईल, म्हणून आत मांडीच्या वर एक टिचबटण लावून घे. स्कर्टची लांबी पोटरीच्या सगळ्यांत जाड भागावर नको, गुडघ्याशी किंवा पोटरीच्या खाली.

जॅकेट एकच घे पण खांद्याला अचूक, आत पातळ पॅड असलं तर तुला चांगलंच. कड कमरेच्या हाडाशी संपणारी. लांब घेतलंस तर मागचा कट फाकत नाही ना बघ, फाकला तर हिप्सवर जागा कमी आहे. बटण न लावता उघडं घातलंस तरी चालतं, पुढे दोन उभ्या कडा मिळतात.

पेप्लमचं. ठेव की परत कर हे घालून दोन गोष्टी बघून ठरव. झालर जिथे सुरू होते ती शिवण तुझ्या खऱ्या कमरेवर बसते का, की वर छातीखाली किंवा खाली पोटावर जाते? आणि झालर चार-पाच इंचांत संपते का, की बरोबर त्या सात-आठ-नऊ इंचांच्या रुंद रेषेवर येऊन फुलते? शिवण कमरेवर, झालर छोटी आणि कापड मऊ असेल तर तुझ्यासारख्या अंगावर याच्याइतकं चांगलं काही नाही. कडक कापडाची लांब झालर असेल तर निमूटपणे परत कर. आणि तो एक्सएल घेतला असशील तर न घालताच परत कर, उत्तर मला माहितीये.

आईचं म्हणणं राहिलं. हिप्स-मांड्यांवर चरबी साठणं हे बरंचसं इस्ट्रोजेन हार्मोन आणि घराण्याच्या ठेवणीवर असतं, वजन उतरलं तर कंबर पण उतरते आणि फरक बहुतेक तसाच राहतो. म्हणजे ३८ हिप्सला पण हीच कहाणी, फक्त आकडे लहान. शिवाय हृदयविकार आणि डायबेटीसच्या दृष्टीने डॉक्टर जास्त काळजी करतात ती पोटाच्या आत साठलेल्या चरबीची. वजनाचं तुला हवं ते तू कर, तो वेगळा विषय आहे, पण नोकरी पुढच्या महिन्यात आहे आणि तिथे काहीतरी घालून जावंच लागणार.

खरेदी कशी करायची सांगते. आधी पँट, दोन, एक गडद स्ट्रेट आणि एक जरा हलक्या रंगाची वाइड लेग, कारण अल्टरला वेळ लागतो आणि पहिल्यांदा दिलेलं काम क्वचितच एका फेरीत नीट होतं. ज्या चपला-बुटांवर घालणार तेच घालून लांबी ठरव. पँट हातात आल्यावर ती घालूनच टॉप घ्यायला जा, तीन पुरेत, त्यातला एक तरी खोचून घालता येईल असा पातळ. मग जॅकेट किंवा ड्रेस, जे जमेल ते. ऑनलाइन घेत असशील तर एस-एम-एल बघू नकोस, मापांचा चार्ट उघड आणि टॉपला खांदा-छाती, पँटला हिप्स-मांडी एवढेच रकाने वाच.

आणि पँट खाली कापून छोटी केलीस तर कापलेले तुकडे मागून घे, टाकू देऊ नकोस. मांड्या एकमेकींना घासल्या की पँट पहिल्यांदा तिथेच विरते, बाकी पँट नवी असते आणि आतून जाळी दिसायला लागते. विरायला लागलंय असं वाटलं की भोक पडायची वाट न बघता तोच तुकडा आतून लावून वरून बारीक शिलाई मारून घे, रंग आणि कापड तेच असल्यामुळे बाहेरून कळत नाही आणि पँट अजून वर्षभर तरी जाते. ड्रेसच्या आत सायकलिंग शॉर्ट्स घाल, घासून लाल होत नाही.